मधल्या राजाचा रंग

मला शाळेतून काढलं की मी शाळा सोडली, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. झालं असं, की दहावीच्या वर्गात भूगोलाच्या मास्तरांनी ग्लोबवर अंगठा टेकवला आणि म्हणाले, "हे पोर्तो रिको. अंगठा ठेवला की संपलं." वर्ग हसला. मी उठले, ग्लोब उचलला आणि खिडकीतून बाहेर फेकला. तिसऱ्या मजल्यावरून. माझ्या बेटाला कोणी हसलेलं मला चालत नाही. आता ते बेट मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, हा भाग वेगळा. माझा जन्म न्यूयॉर्कचा, एकशे अकराव्या रस्त्यावरचा. समुद्र पाहिला तो कोनी आयलंडचा, तोही पाण्यात तरंगणाऱ्या पावाच्या तुकड्यांसकट.

तर मी मिग्दालिया, वय वर्षं सोळा, आणि काम म्हणाल तर दुकानांच्या काचा रंगवते. आमच्या एल बारियो वस्तीत एखाद्या खाणावळीच्या काचेवर भाजलेलं डुक्कर हसताना दिसलं तर समजा ते माझं.

ही गोष्ट चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरातली. माझे पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, चेबो पिसारो, यांची. बाप्तिस्म्याला त्यांनी मला हातात धरलं होतं, तेव्हापासून मी त्यांच्या गळ्यात पडलेली आहे. वय अडुसष्ट, आवाज खणखणीत. एकतीस वर्षं गातायत. नऊ रेकॉर्डी निघाल्या आणि नऊच्या नऊ कव्हरांवर पाद्रिनो कुठेच नाहीत. पहिलीवर पोहायच्या कपड्यांतली एक सोनेरी केसांची बाई, हातातले खुळखुळे उलटे धरलेले. दुसरीवर अननस. मग नुसते नाचणारे पाय. मग परत तीच बाई, या वेळी अननसासकट. असं करत करत नववीवर पोपट.

"पोपट तरी आपल्याकडचा आहे का?" मी विचारलं होतं.

"ब्राझीलचा," पाद्रिनो म्हणाले. "पण माझ्यापेक्षा उजळ आहे ना."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पाद्रिनो बेटावरच्या लोइसा गावचे, आणि लोइसाची माणसं काळी. कंपनीवाल्यांचं म्हणणं असं की असा चेहरा दुकानाच्या काचेत लावला की गिऱ्हाईक आत येत नाही. गाणं काळ्या माणसाचं चालतं, तोंड चालत नाही.

दहावी रेकॉर्ड शेवटची होती. नाताळची गाणी. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की पाद्रिनो बेटावर बहिणीकडे कायमचे राहायला जाणार होते. म्हणून या वेळी त्यांनी ग्वानाबाना रेकॉर्ड्सच्या मालकांना, डॉन फ्लोरोंना, तोंडावर सांगितलं, "माझा चेहरा पुढे पाहिजे. नसेल जमत तर पोपटाकडून गाऊन घ्या."

डॉन फ्लोरो माणूस घाबरट, पण वाईट नाही. हो म्हणाले. पण त्यांचा नेहमीचा चित्रकार पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेला होता. हे मला कळलं मात्र, मी त्यांच्या कचेरीत जाऊन उभी राहिले.

"मी काढते."

"तू डुकरं काढतेस."

"हसणारी डुकरं काढते. भाजलेलं असून हसतंय असं दाखवून बघा एकदा."

डॉन फ्लोरोंनी पाद्रिनोंकडे बघितलं. पाद्रिनो म्हणाले, "काढू दे तिला. तिला नाही म्हटलं तर काहीतरी खिडकीतून फेकते."

कल्पना माझीच. बाळ येशूला भेटायला गेलेले तीन राजे सणाच्या रात्री मुलांना खेळणी वाटत येतात, त्यातल्या मधल्या राजाच्या जागी पाद्रिनो. चित्र पुढच्या शुक्रवारी दुपारी छापखान्यात पोचायला हवं होतं. मी तीन दिवसांत कच्चं रेखाटन करून दाखवायला नेलं. मागे डोंगर, ताडाची झाडं, आणि पुढे तीन उंट. उंटांवर मी खास मेहनत घेतली होती.

पाद्रिनोंनी कागद हातात घेतला आणि खो खो हसायला लागले. इतके, की दाताची कवळी सावरावी लागली.

"उंट! पोरी, आमच्या डोंगरात उंट कुठून आणलेस?"

"राजे उंटावरूनच येतात," मी म्हटलं. "बायबलात आहे."

"बायबलात असतील. आमच्याकडे घोड्यावरून येतात. उंटाचा पाय आमच्या चिखलात टिकेल का?"

"मग मी लहानपणी पलंगाखाली खोक्यात गवत ठेवायचे ते?"

"घोड्यांसाठी!"

मी तणतणत घरी आले आणि आईला विचारलं. आई केळ्याचे काप तळत होती. म्हणाली, "घोड्यांसाठीच. तू आपलं दर वर्षी उंट उंट करायचीस, शाळेत त्या भेटकार्डांवर बघून. मी म्हटलं, पोर गवत आणतेय ना पार्कातून, आणू दे."

म्हणजे ज्या बेटासाठी मी ग्लोब फेकला, तिथले राजे कशावर बसतात हेही मला सोळा वर्षं कळलं नव्हतं. मी हे कोणाला सांगितलं नाही. उलट रस्त्यात नात्यातल्या एका पोराला गाठून, तुला माहीत आहे का, आपले राजे घोड्यावरून येतात, उंट हा गोऱ्यांचा प्रकार, असं दहा मिनिटं सुनावलं.

पाद्रिनोंनी मला त्यांच्याकडची लाकडी मूर्ती दिली. बोटाएवढे तीन राजे, तीन घोडे, एका फळीवर ठोकलेले. मधला मेल्चोर, पांढऱ्या घोड्यावरचा. तो काळा. चेहऱ्याला दरवाजाचा काळा रंग फासलेला, त्यात दोन पांढरे ठिपके म्हणजे डोळे.

"मधला मीच," पाद्रिनो म्हणाले. "बसू का तुझ्यासमोर? बघून काढशील?"

"कशाला? जन्मापासून बघतेय तुम्हाला," मी म्हटलं. "माझी नजर म्हणजे कॅमेरा आहे." हे वाक्य मी खरोखर म्हणाले. लिहितानाही कान गरम होतायत.

घोडे मात्र मला येत नव्हते. सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यावर पोलीस घोडे घेऊन उभे असतात, तिथे गेले. अर्धा तास एकटक बघत राहिल्यावर वरचा पोलीस म्हणाला, "काय बघतेस?"

"गुडघे."

"कोणाचे?"

"तुमचे नाहीत, काळजी नको."

त्याने मला तिथून हाकललं. पण दोन दिवसांत मला घोड्याचे चारही पाय जमिनीला टेकवता यायला लागले. मान थोडी कुत्र्यासारखी झाली, ती मी झालरीखाली लपवली.

चित्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगवलं, दीड फुटाच्या पुठ्ठ्यावर. आई येता जाता बघायची. "पाद्रिनोला जरा चांगला काढ हं. शोभला पाहिजे." मी म्हणाले, "काढतेच आहे." खरंच जीव ओतून काढलं. कपाळावरच्या आठ्या थोड्या कमी केल्या. डोळे पाणीदार केले. मुकुट असा केला की त्याच्यापुढे इंग्लंडच्या राणीने लाजावं. बुधवारी दुपारी संपवलं आणि स्वतःच खुर्चीवर चढून लांबून बघितलं. मनात म्हटलं, मिग्दालिया, तू यांची ओळख परत मिळवून दिलीस. अगदी हेच शब्द. मला वाटतं मी थोडी रडलेसुद्धा.

गुरुवारी सकाळी डॉन फ्लोरोंच्या कचेरीत चादर काढून चित्र दाखवलं. डॉन फ्लोरो "ब्राव्हो" म्हणाले. खालच्या दुकानातला पोऱ्या नाही, स्वतः दुकानदार वर येऊन "घोडा झकास" म्हणून गेला. पाद्रिनो चष्मा लावून बराच वेळ बघत होते.

"चांगला माणूस दिसतोय," ते म्हणाले. "कोण आहे हा?"

मी हसले. मला वाटलं थट्टा करतायत.

मग त्यांनी बाही वर केली आणि आपला हात त्या चेहऱ्याशेजारी धरला. नुसता धरला. 

हात भाजलेल्या कॉफीच्या बियांसारखा. चित्रातला राजा दुधातल्या कॉफीसारखा, त्यातही दूध जास्त.

मी काय करायला हवं होतं ते आज कळतं. मी काय केलं, तर डॉन फ्लोरोंकडे वळले आणि ओरडले, "तुम्हीच सांगितलं असेल ना उजळ कर म्हणून! तुम्हाला खपवायचंय ना!"

"मी?" डॉन फ्लोरो गारच पडले. "मी तुला फक्त एवढंच म्हटलं की घोड्याचे पाय चार ठेव."

ते खरं होतं. मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. मी पुढे म्हणाले की इथे उजेड जास्त आहे. मग म्हणाले की रंग वाळला की फिका होतो. मग म्हणाले की डोंगरात सूर्य उगवताना असंच दिसतं. जो डोंगर मी पाहिला नव्हता, त्यातल्या सूर्याची मी साक्ष काढत होते.

"बरं बरं," पाद्रिनो म्हणाले. "आहे ते छान आहे. छापा, फ्लोरो. पोपटापेक्षा तरी माझ्यासारखा आहे."

आणि टोपी घालून निघून गेले. हे सगळ्यात वाईट होतं. ते चिडले असते तर मला भांडता आलं असतं.

मी चित्र काखेत मारून घरी आले आणि रंगांचा डबा टेबलावर उपडा केला. म्हटलं, बघू तरी काय वापरलं ते. पिवळ्या मातीच्या रंगाची ट्यूब संपत आलेली. पांढरी ट्यूब पिळून पिळून चपटी. आणि गडद तपकिरी रंगाची ट्यूब नवीकोरी, टोपणाखालचं पत्र्याचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. तीन राजे रंगवले, त्यातला एक काळा, आणि तपकिरी रंगाला मी हातही लावला नव्हता.

"आई," मी म्हटलं, "पाद्रिनोचा रंग कोणता?"

"गव्हाळ," आई पाठ न वळवता म्हणाली.

"आई, ते गव्हाळ नाहीत."

"असं बोलू नये त्याच्याबद्दल. एवढा भला माणूस."

"भला असला म्हणून काय झालं? काळे आहेत ते."

आईने चमचा खाली ठेवला. "मिग्दालिया, आपण त्याला गव्हाळ म्हणतो. आदराने म्हणतो."

"आणि मला काय म्हणतो?"

"तू गोरीच आहेस. उन्हात फिरतेस म्हणून."

मी माझ्या हाताकडे बघितलं. मी उन्हात फिरते खरी, पण ऑक्टोबरात, न्यूयॉर्कमध्ये, एवढं ऊन कुठून येणार? आई पण स्वतःच्या हाताकडे बघत होती, मग तिने तो एप्रनला पुसला आणि काप उलटायला लागली.  पण मला कळलं की मी कोणाचं ऐकून तो चेहरा धुतला होता. कोणी सांगायची गरजच नव्हती. आमच्या घरात माणूस आवडला की त्याला आम्ही पांढऱ्या रंगाचा एक हात देतो.

शुक्रवारी सकाळी आठला पुठ्ठा, रंग आणि आईची एक जुनी बशी घेऊन पाद्रिनोंच्या दारात उभी राहिले. कालच्या तमाशात ते निघताना मी त्यांचा आशीर्वादसुद्धा मागितला नव्हता. आमच्याकडे मोठ्यांना भेटलं की आणि सोडून जातानाही तो मागायचाच, नाहीतर गावभर बोभाटा.

"बेन्दिसिओन, पाद्रिनो."

मी दार ठोठावलं.

"बेन्दिसिओन!"

"कालचा द्यायचाय की आजचा?" आतून आवाज आला.

"दोन्ही द्या. आणि खिडकीपाशी बसा. बारापर्यंत चेहरा परत करायचाय."

दार उघडलं. पाद्रिनो बनियनवर होते. "देव तुझं भलं करो. दोनदा. नजर कॅमेरा होती ना तुझी?"

"कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. बसा."

ते खिडकीपाशी बसले. मी तपकिरी ट्यूबचं सील फोडलं, बशीत रंग काढला, काळा मिसळला, पुठ्ठ्याच्या मागे फासून त्यांच्या गालाशेजारी धरला.

"हा बूट आहे," पाद्रिनो म्हणाले. "पॉलिश केलेला."

मी निळा घातला.

"हे वांगं."

मी लाल घातला. ते म्हणाले, "आता मी आजारी दिसतोय," आणि मला राग येऊन मी बशी जवळजवळ खिडकीतून... पण खिडकीपाशी तेच बसले होते. मग मी बघायला लागले. खरंच बघायला, पहिल्यांदा. कपाळाला विटेचा लालसरपणा होता. डोळ्यांखाली जांभळट. खिडकीकडच्या गालावर आभाळाची निळी चमक, आणि जबड्याखाली सावलीतला रंग इतका खोल, की जिथे मला वाटलं होतं काळा एक तपकिरी एक असं पुरेल, तिथे मला सहा रंग मिसळावे लागले. हा माणूस रोज माझ्यासमोर जेवत होता आणि मी बघून न बघितल्यासारखं करत होते. मान राखण्यासाठी!

"पहिल्या रेकॉर्डच्या वेळी माझा फोटो काढला होता," पाद्रिनो न हलता म्हणाले. "सूट भाड्याने आणला होता. दोन तास दिव्यात बसवलं. मी बहिणीला कळवून टाकलं, माझं तोंड येतंय. रेकॉर्ड आली ती त्या बाईची. मी तशीच पाठवली. बहिणीने तीन वर्षं ती बाई भिंतीवर लावली होती. लोकांना सांगायची, ही माझ्या भावाची बायको असेल."

मला हसू आलं आणि हात हलला.

"हसू नको, भुवई वाकडी होईल," ते म्हणाले. "आणि आठ्या कुठे गेल्या माझ्या? त्या घाल परत. कमावलेल्या आहेत."

"दात?"

"दात नको दाखवू. ते माझे नाहीत."

साडेअकराला चेहरा झाला. पाद्रिनोंनी परत बाही वर करून हात शेजारी धरला. या वेळी हात कुठे संपतो आणि राजा कुठे सुरू होतो ते बघायला त्यांना चष्मा लावावा लागला.  आत जाऊन तोंड धुऊन आले, तेही खूप वेळ लावून.

पण छापखान्यात नवंच झेंगट. तिथला माणूस पुठ्ठा बघून म्हणाला, "हा मधला छापताना चिखल होईल. गडद चेहरे आमच्या मशीनवर बसतात खाली, नाकडोळे दिसत नाहीत. थोडा उजळ करून आणा."

डॉन फ्लोरो लगेच माझ्या कानात, "थोडासाच. छपाईपुरता. चेबोला कळणारसुद्धा नाही."

मी तोंड उघडलं. ग्लोबवाली मिग्दालिया तयारच होती. पण मला आठवलं की कालपर्यंत हे काम मी फुकटात, कोणी न सांगता, आनंदाने केलं होतं. मग ओरडायचं कोणत्या तोंडाने? म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"मी थांबते इथे. तुम्ही चाचणीचे ताव काढा. जमेपर्यंत बघू."

त्या माणसाने पहिला ताव काढला. चिखलच होता, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, "बघ, सांगितलं होतं." मी म्हटलं, "काळा कमी करा, लाल वाढवा." त्याने वाढवला. राजा भाजला. मग पिवळा. मग परत काळा. सातव्या तावाला तो माणूस मला शिव्या द्यायला लागला, मी पण दिल्या, त्याला माझ्या भाषेतल्या कळत नव्हत्या म्हणून आमचं चांगलं जमलं. अकराव्या तावावर गालावरची निळी चमक वर आली. तोच म्हणाला, "अरे! माणूस आहे की इथे." मी चिडले नाही. मलाही आज सकाळीच दिसला होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रेकॉर्ड दुकानात आली. पाद्रिनोंनी कंपनीकडून फुकटची घेतली नाही. एकशे सोळाव्या रस्त्यावरच्या दुकानात गेले, टोपी नीट केली आणि काउंटरवर सांगितलं, "चेबो पिसारोची नवी द्या." काउंटरवरच्या बाईने रेकॉर्ड काढली. कव्हरकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, परत कव्हरकडे.

"फोटोत बरे दिसता," ती म्हणाली.

"फोटो नाही, काढलंय," मी मागून म्हटलं. कोणी लक्ष दिलं नाही.

तिने रेकॉर्ड पिशवीत घातली. बाहेर आल्यावर पाद्रिनोंनी ती पिशवीतून काढली, पिशवी माझ्या हातात कोंबली आणि रेकॉर्ड काखेत धरली, चेहरा रस्त्याकडे करून. आणि चालायला लागले. हळूहळू, मधोमध, समोरून येणाऱ्याला बाजूला व्हावं लागेल असे.

आता मागच्या बाजूला, गाण्यांच्या यादीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात "चित्र: मिग्दालिया ओतेरो" असं छापलेलं होतं. मी दोनदा म्हटलं, "पाद्रिनो, जरा उलटी धरून बघा ना, तशी पकडायला सोपी जाईल."

"मागे कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग कशाला?"

न्हाव्याच्या दुकानापाशी आतल्या माणसाने वस्तरा हातात धरूनच काचेवर टकटक केली, एकदा रेकॉर्डकडे बोट दाखवलं, एकदा पाद्रिनोंकडे. पाद्रिनोंनी मान हलवली, राजे लोक हलवतात तेवढीच. भाजीवाल्या बाईने हाक मारली, "चेबो, हे तुम्ही?" त्यांनी थांबून रेकॉर्ड चेहऱ्याशेजारी धरली, तिला नीट बघू दिली, मग पुढे.

एकशे दहावा रस्ता आला आणि गेला. त्यांचं घर तिथे होतं.

"पाद्रिनो," मी म्हटलं, "घर मागे राहिलं."

"माहितीये," ते म्हणाले, आणि रेकॉर्ड दुसऱ्या काखेत घेतली, कारण पुढे माणसं त्या बाजूला जास्त होती.